भांगाची तारीख

मुद्देमालाच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते.
खिडकी एकच, तीही समुद्राकडे नाही, सायकल स्टँडकडे.
आत चोवीस कोयते, त्यांतले सहा बिनमुठीचे,
एक शिलाई मशीन,
सीलबंद बाटल्या, तरीही निम्म्या रिकाम्या.
(दारू हवेत उडते. पंचनाम्यात उडत नाही.)

आणि एक जाळं.
निळं, नायलॉनचं, लेबल एकशे बारा बटे चौदा,
‘मिरकरवाडा जेटीवरून चोरीस गेलेले’.
त्याला अजून मासळीचा वास आहे असं मी म्हणतो.
नव्या शिपायाला येत नाही.

फकीर सोलकर या जाळ्याचा साक्षीदार.
मालक नव्हे, चोर नव्हे.
त्या पहाटे बर्फ फोडायला लवकर गेला, एवढाच त्याचा गुन्हा.
सव्वीस तारखा.
वकील आले नाहीत. साहेब रजेवर.
तपासी अंमलदार बंदोबस्ताला.
लाईट नाही.
साक्षीदार हजर, वेळ नाही.
आरोपी बारक्या डोर्लेकर त्याच बाकावर,
आला तेव्हा मिसरूड नव्हतं.
संध्याकाळी दोघं एकाच रिक्षाने परत जायचे,
भाडं निम्मं निम्मं.

नवव्या वर्षी नव्या न्यायाधीश बाई आल्या, बीडकडच्या.
म्हणाल्या, जुनं आधी.
आणि बोर्डावर प्रत्येक केसपुढे वेळ लिहा,
अकरा वीस, अकरा चाळीस,
आलेला साक्षीदार साक्ष दिल्याशिवाय परत जाणार नाही.
बाररूममध्ये त्या दिवशी चहा दोनदा झाला.
‘एसटी स्टँड आहे काय हे?’ मुळ्ये वकील म्हणाले,
आणि घड्याळ जुळवून घेतलं.

सोलकरला चौदा तारीख मिळाली.
‘चौदाला उधाण, बाईसाहेब.
बोटी बर्फ मागतात, मान वर करायला फुरसत नसते.
भांगाला द्या.’
‘भांग?’
बाईंचं पेन थांबलं.
मागून कुणीतरी कुजबुजलं, कलम कुठलं लागेल.
सोलकर हसला नाही.
बोटांवर चांद मोजून दाखवला, सातवा, आठवा, नववा,
पाण्याला ओढ नसते, बोटी किनाऱ्याला, माणूस मोकळा.
‘आणि जून-जुलै तर बंदीच.
आमचे ते दोन महिने कोर्टाने घ्यावे की.
तेव्हा आम्ही पत्ते खेळतो.’

पुढच्या सोमवारी भिंतीवर
रजेच्या यादीशेजारी
भरती-ओहोटीचं कोष्टक लागलं.
खिळा मी ठोकला.

आठवा चांद, अकरा चाळीस. पुकारा झाला.
जाळं उचलून आणलं तर हातात चुरा.
‘हेच का ते?’
सोलकरने एक गाठ चिमटीत धरली,
बराच वेळ धरूनच राहिला.
‘निळं होतं, एवढं सांगतो.
कोण होतं ते…
साहेब, नऊ वर्षं या पोराशेजारी बसलोय.
डोळे मिटले की याचाच चेहरा येतो.
तो जेटीवरचा, की तुमच्या बाकावरचा,
खुदा की कसम, आता नाही सांगता येत.’

टंकलेखकाची बोटं थांबली.
बाई म्हणाल्या, लिहा. आहे तसंच लिहा.

बारक्या सुटला.
सुटला म्हणजे काय, ते त्याला विचारावं.
जाळ्याचा मालक पाच वर्षांमागे वारला.
मुलगा आला, सही केली, म्हणाला, इथंच ठेवा.
ठेवता येत नाही, मी म्हटलं,
आणि माझाच आवाज मला चढा वाटला.

आता एकशे बारा बटे चौदाच्या जागी
फरशीवर एक निळसर डाग आहे. झाडून जात नाही.
उद्या अकरा वीसला शिलाई मशीन.
दुपारी चाक फिरवून पाहिलं, अडकलंय.
तेलाचे दोन थेंब सोडले तर
पुराव्यात ढवळाढवळ होते का,
हे बाईंना विचारायचं राहिलं.